चालीमागचा कारभारी : आल्फ्रेड न्यूमन आणि स्टुडिओचा संगीत विभाग

‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’ कंपनीचा एखादा इंग्रजी चित्रपट तुम्ही पाहिला असेल, तर चित्रपट सुरू होण्यापूर्वीचे ते दृश्य तुम्हाला आठवत असेल. मोठी सोनेरी अक्षरे, आकाशात फिरणारे प्रकाशझोत, आणि त्याबरोबर ड्रम व ट्रम्पेट यांची दणदणीत धून. अर्ध्या मिनिटाच्या आत ती संपते, पण एकदा ऐकली की विसरत नाही. ही धून १९३३ साली आल्फ्रेड न्यूमन या संगीतकाराने तयार केली. पुढे १९४० ते १९६० अशी वीस वर्षे हेच न्यूमन फॉक्स स्टुडिओच्या संगीत विभागाचे प्रमुख होते.

या अभ्यासलेखात न्यूमन यांच्या कारकिर्दीची ओळख करून द्यावी असे आम्ही ठरवले, त्याला एक कारण आहे. गायक कोण, संगीतकार कोण हे आपल्याला ठाऊक असते. पण एखाद्या मोठ्या संस्थेत संगीताचे काम कोणाला द्यायचे, ते वेळेत कसे पुरे करून घ्यायचे, वादकांचा पगार, निर्मात्याची घाई आणि कलावंताचा मान या सगळ्यांचा मेळ कसा घालायचा, हे काम करणारा माणूस सहसा कोणाला दिसत नाही. संगीत विभागप्रमुखाचे काम ते हेच. न्यूमन यांच्या उदाहरणावरून ते चांगले समजते, आणि त्यातून आपल्या शाळेसारख्या संस्थेलाही काही शिकता येते.

बालपण आणि शिक्षण

न्यूमन यांचा जन्म १९०० साली अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन या गावी झाला. आईवडील रशियातून आलेले ज्यू. वडिलांचा भाजीपाल्याचा धंदा, घरात दहा भावंडे आणि आल्फ्रेड सर्वांत थोरला. आईला संगीताची आवड होती. घरची परिस्थिती बेताची असतानाही तिने मुलाला लहानपणीच पियानोच्या शिकवणीला घातले. सरावासाठी तो कित्येक मैल पायी जात असे.

मुलाची प्रगती विलक्षण होती. त्या काळचे जगप्रसिद्ध पियानोवादक पाडेरेव्हस्की यांनी त्याचे वादन ऐकून त्याला उत्तेजन दिले. पण घराला पैशांची गरज होती. त्यामुळे कोवळ्या वयातच तो नाटकगृहांत पियानो वाजवून घरी मदत करू लागला. विशीत पोचेपर्यंत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर तो वाद्यवृंदाचा संचालक झाला होता. जॉर्ज गर्श्विन, जेरोम कर्न, रिचर्ड रॉजर्स अशा नामवंत संगीतकारांच्या नाटकांचे संगीत त्याने संचालित केले.

नाटकाच्या वाद्यवृंदात एक गोष्ट पक्की शिकायला मिळते. नट रोज त्याच वेगाने बोलत नाही, गायिका कधी एखादी जागा लांबवते, कधी आटोपती घेते. संचालकाला डोळा रंगमंचावर आणि हात वादकांकडे ठेवावा लागतो. न्यूमन यांना पुढे चित्रपटात हे शिक्षण फार उपयोगी पडले.

१९३० मध्ये आयर्व्हिंग बर्लिन यांच्या ‘रीचिंग फॉर द मून’ या चित्रपटाच्या कामासाठी ते हॉलिवूडला गेले आणि तिथलेच झाले. बोलपट येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. चित्रपटाला संगीत कसे द्यावे याचे नियम अजून ठरायचे होते. १९३१ मध्ये चार्ली चॅप्लिनच्या ‘सिटी लाइट्स’ चे संगीत त्यांनी संचालित केले. त्याच वर्षी ‘स्ट्रीट सीन’ या चित्रपटासाठी त्यांनी केलेली रचना इतकी गाजली की पुढे अनेक चित्रपटांत ती पुन्हा वापरली गेली.

नाव झाल्यावरही त्यांनी शिकणे सोडले नाही. युरोपातून अमेरिकेत आलेले आधुनिक संगीताचे प्रवर्तक आर्नल्ड शोनबर्ग यांच्याकडे ते धडे घेत. शोनबर्ग यांच्या चारही स्ट्रिंग क्वार्टेटचे, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनांचे ध्वनिमुद्रण १९३६-३७ च्या हिवाळ्यात न्यूमन यांनी एका चित्रपट स्टुडिओत करवून घेतले. त्यांतून धंद्याच्या दृष्टीने काहीच मिळण्यासारखे नव्हते. गुरूचे काम टिकावे एवढाच हेतू होता.

संगीत विभागाचे काम कसे चालते

त्या काळी हॉलिवूडचा प्रत्येक मोठा स्टुडिओ म्हणजे एक कारखानाच होता. नट, दिग्दर्शक, सुतार, शिंपी यांच्याप्रमाणे संगीतकार आणि वादकही पगारावर असत. संगीत विभागात काम पुढील क्रमाने चाले.

१. चित्रपटाची जोडणी झाली की निर्माता, दिग्दर्शक आणि संगीतकार तो एकत्र बसून पाहत. कुठे संगीत हवे, कुठे नको, ते कोणत्या क्षणी सुरू व्हावे आणि कुठे थांबावे हे तेव्हा ठरे.

२. त्यानंतर प्रत्येक तुकड्याचा वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजून तक्ता तयार होई. अमुक सेकंदाला दार उघडते, तमुक सेकंदाला ती मागे वळून पाहते, अशा नोंदी त्यात असत.

३. तक्ता समोर ठेवून संगीतकार थोड्या ओळींत मूळ रचना लिही.

४. संगीत संयोजक, ज्याला आपल्याकडे अरेंजर म्हणतात, ती रचना व्हायोलिन, बासरी, ट्रम्पेट अशा सर्व वाद्यांसाठी विस्ताराने मांडी.

५. नकलनवीस प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद उतरवून काढीत. पन्नास वादक असले तर एका तुकड्यामागे कितीतरी पाने होत. त्यातला एक सूर चुकीचा उतरला तरी ध्वनिमुद्रण थांबे.

६. मोठ्या दालनात पडद्यावर चित्रपट दाखवून त्याच्या तालावर वाद्यवृंद वाजवी आणि ध्वनिमुद्रण होई.

७. शेवटी संवाद, पावलांचे वगैरे आवाज आणि संगीत यांचे मिश्रण केले जाई.

हे सर्व बहुधा थोड्या आठवड्यांत उरकावे लागे, कारण प्रदर्शनाची तारीख आधीच ठरलेली असे. चित्रपट पुरा होण्यास उशीर झाला की तो उशीर संगीताच्या वेळातून कापला जाई. या सातही पायऱ्यांवर माणसे नेमणे, खर्च अंदाजपत्रकात बसवणे, एकाच वेळी चालू असलेल्या अनेक चित्रपटांत दालन आणि वादक वाटून देणे, आणि निर्माता नाखूश झाला तर त्याच्यासमोर उभे राहणे ही विभागप्रमुखाची जबाबदारी. न्यूमन तर स्वतः रचनाही करीत आणि वाद्यवृंदही संचालित करीत. दोनशेहून अधिक चित्रपटांच्या संगीतात त्यांचा हात आहे.

थोडे गणित : न्यूमन पद्धत

पडद्यावरचा क्षण आणि वाद्यवृंदाचा सूर नेमका एकत्र कसा आणायचा, हा या कामातला सर्वांत अवघड प्रश्न. त्यावरचा एक उपाय आजही ‘न्यूमन पद्धत’ या नावाने ओळखला जातो.

३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात. एक फूट लांबीत १६ चित्रे मावतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट फिल्म धावते. ज्या क्षणी सूर हवा, तिथे फिल्मला बारीक भोक पाडत. त्याच्या आधीच्या साधारण तीन फुटांवर तिरकी रेघ ओरखडत. फिल्म चालू झाली की ती रेघ पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकताना दिसे आणि कडेला पोचताच भोकातून पांढरा प्रकाश चमके. तीन फूट म्हणजे ४८ चित्रे, म्हणजेच बरोबर दोन सेकंद. संचालकाला तेवढी पूर्वसूचना मिळे.

या पद्धतीचा विशेष असा की ती संचालकाला घड्याळाशी जखडत नाही. घड्याळाच्या ठोक्यासारखा आवाज कानात ऐकत ताल पाळण्याची दुसरी एक पद्धत आहे. ती अचूक असते, पण संगीत थोडे यांत्रिक होण्याचा धोका असतो. न्यूमन पद्धतीत दोन खुणांच्या मधल्या जागेत संचालक सूर थोडा लांबवू शकतो, वेग किंचित वाढवू शकतो. फक्त खूण येईल तेव्हा तिथे पोचले म्हणजे झाले. आता फिल्मवर भोके पाडावी लागत नाहीत, संगणकाच्या पडद्यावर तीच रेघ आणि तीच चमक उमटवली जाते. तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

आम्हाला वाटते, न्यूमन आपल्या विभागातील माणसांशीही याच तत्त्वाने वागत. कुठे आणि केव्हा पोचायचे ते पक्के ठरवून द्यायचे, मधला रस्ता ज्याचा त्याने चालायचा.

माणसे ओळखण्याची कला

१९३५ साली चॅप्लिनच्या ‘मॉडर्न टाइम्स’ चे संगीत तयार होत होते. चॅप्लिनना चाली सुचत, पण स्वरलेखन येत नसे. मदतीसाठी डेव्हिड रॅक्सिन नावाचा २३ वर्षांचा तरुण आणला होता. तो स्पष्टवक्ता निघाला. एखादी गोष्ट चांगली होत नसली तर तसे तोंडावर सांगे. चॅप्लिननी त्याला काही दिवसांतच काढून टाकले. संगीताची जबाबदारी सांभाळणाऱ्या न्यूमन यांनी त्याची टिपणे पाहिली, आणि असा माणूस घालवणे शहाणपणाचे नाही असे चॅप्लिनना सांगितले. रॅक्सिन परत आला. पुढे ध्वनिमुद्रणाच्या वेळी खुद्द न्यूमन आणि चॅप्लिन यांचेच बिनसले आणि न्यूमन निघून गेले. त्यांच्या जागी वाद्यवृंद संचालित करण्यास रॅक्सिनने नकार दिला, कारण ज्याने आपली बाजू घेतली त्याच्या जागेवर उभे राहणे त्याला पटेना.

हाच रॅक्सिन पुढे फॉक्समध्ये न्यूमन यांच्या हाताखाली होता. १९४४ च्या ‘लॉरा’ या रहस्यपटासाठी दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर यांना ड्यूक एलिंग्टन यांचे एक गाजलेले गाणे वापरायचे होते. ते या कथेला शोभणार नाही असे रॅक्सिनचे मत. ते पुढे सांगत असत की न्यूमन यांनी मध्यस्थी केली, आणि शनिवार-रविवारची मुदत मिळाली. सोमवारी रॅक्सिन नवी चाल घेऊन आले. ‘लॉरा’ ची ती धून हॉलिवूडच्या सर्वांत नावाजलेल्या धुनांपैकी एक ठरली. विभागप्रमुखाने इथे एकही सूर लिहिला नाही. दोन दिवस मिळवून दिले, एवढेच.

ह्यूगो फ्रीडहोफर हे असेच दुसरे नाव. वर्षानुवर्षे ते इतरांच्या रचनांचे संयोजन करीत होते. निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ या १९४६ च्या चित्रपटासाठी न्यूमन यांनी त्यांची शिफारस केली. त्या संगीताला ऑस्कर मिळाले.

बर्नार्ड हरमन यांचा स्वभाव तापट म्हणून प्रसिद्ध होता. निर्मात्यांशी त्यांचे पटणे कठीण. पण त्यांची योग्यता न्यूमन यांना ठाऊक होती आणि फॉक्समध्ये त्यांना सतत काम मिळत राहिले. १९५४ च्या ‘द इजिप्शियन’ या भव्य चित्रपटाला वेळ अपुरा पडला, तेव्हा न्यूमन आणि हरमन यांनी संगीताचे भाग वाटून घेतले. श्रेयनामावलीत दोघांची नावे बरोबरीने आली.

फॉक्स सोडल्यानंतरही ही सवय गेली नाही. दूरचित्रवाणीवर काम करणाऱ्या जेरी गोल्डस्मिथ या तरुणाचे संगीत ऐकून न्यूमन यांनी ‘लोनली आर द ब्रेव्ह’ या १९६२ च्या चित्रपटासाठी त्यांचे नाव सुचवले. गोल्डस्मिथ पुढे अमेरिकेतील आघाडीचे चित्रपटसंगीतकार झाले. न्यूमन यांच्या काळात स्टुडिओच्या वाद्यवृंदात पियानो वाजवणारा आणखी एक तरुण होता, त्याचे नाव जॉन विल्यम्स. ‘स्टार वॉर्स’ चे संगीत त्यांचेच. १९७७ मध्ये त्या चित्रपटाच्या आरंभी न्यूमन यांची धून वाजली आणि तिच्यापाठोपाठ विल्यम्स यांचे संगीत सुरू झाले.

श्रेय कोणाचे?

आता एका अवघड प्रश्नाकडे वळू. विभागाने केलेल्या कामाचे श्रेय कोणाला द्यावे?

१९३४ ते १९३७ या वर्षांच्या चित्रपटांसाठी संगीताचे ऑस्कर पारितोषिक संगीतकाराला न देता स्टुडिओच्या संगीत विभागाला दिले जाई, आणि ते विभागप्रमुख स्वीकारीत असे. १९३६ च्या ‘अँथनी ॲडव्हर्स’ चे संगीत एरिक कोर्नगोल्ड यांनी लिहिले. पारितोषिकाची मूर्ती मात्र वॉर्नर ब्रदर्सचे विभागप्रमुख लिओ फोर्बस्टाइन यांच्या हाती गेली. १९३८ च्या चित्रपटांपासून नियम बदलला, आणि त्याच वर्षी ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ साठी कोर्नगोल्ड यांना स्वतःच्या नावाने पारितोषिक मिळाले.

जुन्या नियमामागे अगदीच तर्क नव्हता असे नाही. संगीत अनेकांच्या हातून तयार होते, मग एकाचेच नाव कसे घ्यायचे? पण अडचण अशी की ‘सर्वांचे काम’ म्हटले की बहुधा ते खुर्चीवरच्या माणसाच्या नावे जमा होते.

न्यूमन यांना एकूण नऊ ऑस्कर पारितोषिके आणि ४५ नामांकने मिळाली. पैकी ‘द साँग ऑफ बर्नाडेट’ (१९४३) आणि ‘लव्ह इज अ मेनी स्प्लेंडर्ड थिंग’ (१९५५) ही दोन पारितोषिके पार्श्वसंगीतासाठी होती. उरलेली सात संगीतप्रधान चित्रपटांसाठी, म्हणजे मुख्यतः दुसऱ्यांच्या गाण्यांना चित्रपटासाठी उठाव देण्याच्या कामाबद्दल मिळाली. ते काम कमी दर्जाचे नाही, पण ते वेगळे काम आहे, हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. ‘द किंग अँड आय’ (१९५६) आणि ‘कॅमलॉट’ (१९६७) ही पारितोषिके त्यांनी आपले समूहगान-प्रमुख सहकारी केन डार्बी यांच्याबरोबर स्वीकारली.

सहकाऱ्यांच्या मनात न्यूमन यांना काय स्थान होते, हे आणखी एका घटनेवरून कळते. १९५३ च्या ‘द रोब’ चे त्यांचे संगीत अनेक जाणकारांना अतिशय आवडले होते, पण त्याला ऑस्करचे नामांकनसुद्धा मिळाले नाही. याच्या निषेधार्थ फ्रान्झ वॅक्समन या दुसऱ्या थोर संगीतकाराने पारितोषिक देणाऱ्या अकादमीचा राजीनामा दिला. त्याच कथेच्या पुढच्या भागाला वॅक्समन यांनी संगीत दिले, तेव्हा न्यूमन यांच्या मूळ चाली वापरल्याचा उल्लेख श्रेयनामावलीत केला.

आपल्याकडचे चित्र

आपल्याकडेही स्टुडिओंचा जमाना होता. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली प्रभात फिल्म कंपनी हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांनी संगीत दिले. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ चे संगीत केशवरावांचे. प्रभातच्या आवारातच १९६० साली पुण्याची चित्रपट संस्था सुरू झाली.

श्रेयाचा प्रश्न मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत अधिक तीव्रतेने दिसतो. तिथे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचणारे आणि लिहिणारे वादक प्रामुख्याने गोव्यातून आले. गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच त्यांचे संगीताचे शिक्षण झालेले असे. सेबॅस्टियन डिसूझा हे शंकर-जयकिशन यांचे, अँथनी गोन्साल्विस हे अनेक संगीतकारांचे संयोजक. गाण्याच्या आधीचे आणि मधले वाद्यसंगीत, व्हायोलिनच्या रांगा, त्यांचे परस्परांशी नाते हे अशा संयोजकांनी कागदावर उतरवले. त्यांतल्या बहुतेकांची नावे पडद्यावर आली नाहीत. संगीतकार जोडीतले प्यारेलाल हे गोन्साल्विस यांचे व्हायोलिनचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ मधील एका पात्राला गुरूचे नाव देऊन त्यांनी ते घरोघर पोचवले. नाव सर्वांना माहीत झाले, पण ते एका खऱ्या वादकाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते.

व्यवस्था बदलली

१९५० नंतर अमेरिकेत दूरचित्रवाणी घरोघर पसरली, प्रेक्षक घटले आणि स्टुडिओंना पगारी माणसांचा भार सोसेना. १९५८ मध्ये वादकांचा संप झाला आणि कायम नोकरीवरच्या वाद्यवृंदांची पद्धत संपली. न्यूमन यांनी वीस वर्षांत घडवलेला, आपल्या तंतुवाद्यांच्या भरघोस स्वरासाठी ओळखला जाणारा वाद्यवृंद त्याबरोबर पांगला. १९६० मध्ये त्यांनी फॉक्स सोडले.

विभागप्रमुखाचे छत्र डोक्यावर नसले की काय होते, याचा अनुभव नंतर त्यांना स्वतःलाच आला. १९६५ च्या ‘द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड’ या येशूच्या जीवनावरील चित्रपटात दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी त्यांचे संगीत ठिकठिकाणी कापले आणि महत्त्वाच्या प्रसंगांना हँडेल व व्हर्डी यांच्या प्रसिद्ध रचना जोडल्या. ज्यांनी इतरांसाठी निर्मात्यांशी वाद घातला, त्यांच्यासाठी वाद घालणारा कोणी नव्हता.

तरी ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. १७ फेब्रुवारी १९७० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘एअरपोर्ट’ च्या संगीताला मरणोत्तर नामांकन मिळाले. धाकटे भाऊ लायनेल यांनी पुढे फॉक्सचा संगीत विभाग सांभाळला. डेव्हिड आणि थॉमस ही मुले व रँडी हा पुतण्या चित्रपटसंगीतकार झाले. २०१९ मध्ये डिस्नीने फॉक्सचा चित्रपट व्यवसाय घेतला आणि २०२० मध्ये स्टुडिओच्या नावातला ‘फॉक्स’ गेला. सुरुवातीची धून मात्र तशीच ठेवली आहे.

आपण काय घ्यावे

विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट अवश्य घ्यावी. संगीतात, नाटकात, खेळात पुढे उभे राहणाऱ्याइतकेच मागे राहून जुळणी करणाऱ्याचे काम अभ्यासाचे असते. न्यूमन यांना विभाग चालवता आला, कारण त्यांना पियानो, संचालन, रचना आणि गणित ही सारी अंगे स्वतः येत होती. काम न जाणता कारभार करणाऱ्याला कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे हे ओळखता येत नाही.

पालकांना आम्ही एवढेच सुचवू की मूल गायले नाही, नाचले नाही, तरी स्नेहसंमेलनात वेळापत्रक सांभाळत असेल किंवा समूहगीताच्या प्रती काढत असेल, तर तेही शिकतच आहे. त्याच्याही कामाची घरी चौकशी व्हावी.

विश्वस्त मंडळींपुढे आम्ही दोन गोष्टी नम्रपणे ठेवतो. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवायची तर माणसे थोडी आणि कामे फार, हे आपण सारेच जाणतो. अशा ठिकाणी योग्य माणूस ओळखणे आणि त्याला हवे असलेले दोन दिवस मिळवून देणे ही मोठी मदत असते. दुसरी गोष्ट नावांची. वार्षिक कार्यक्रमाच्या पत्रिकेत पाहुण्यांची आणि पदाधिकाऱ्यांची नावे असतातच. पेटी-तबल्याची साथ करणारे, चाल बसवून घेणारे, पडदा ओढणारे यांची नावेही त्याच पानावर छापली, तर त्याला खर्च येत नाही. १९३८ मध्ये ऑस्करवाल्यांनी जे दुरुस्त केले, ते आपल्याला एका पत्रिकेत करता येईल.

स्वाध्याय

१. संगीत विभागप्रमुख आणि संगीतकार यांच्या कामातील फरक तुमच्या शब्दांत लिहा.

२. एका प्रसंगाच्या फिल्मची लांबी १३५ फूट आहे. तो किती सेकंद चालेल? मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत त्यात किती ठोके बसतील आणि प्रत्येक ठोक्याला किती चित्रे येतील? (उत्तर : ९० सेकंद, १४४ ठोके, १५ चित्रे)

३. न्यूमन यांच्या जागी वाद्यवृंद संचालित करण्यास रॅक्सिन यांनी नकार दिला. त्यांचे वागणे तुम्हाला योग्य वाटते का? कारण द्या.

४. १९३७ पर्यंतचा ऑस्करचा नियम आणि त्यानंतरचा नियम यांपैकी अधिक न्याय्य कोणता? वर्गात दोन गट करून चर्चा करा.

५. तुमच्या आवडीच्या एका मराठी गीताचे कवी, संगीतकार आणि गायक यांच्याबरोबरच संगीत संयोजक कोण होते ते शोधा आणि वर्गाच्या भित्तिपत्रकावर लिहा.